आरसा ऐकत नसेल तर: घरी बनवलेल्या स्मार्ट मिररच्या माइकची तपासणी

आमचा स्मार्ट मिरर, म्हणजे काचेमागे पडदा असलेला आणि विचारलेलं ऐकून उत्तर देणारा आरसा, टेबलावर उघडा पडलेला होता तोवर शहाण्यासारखा ऐकत होता. चौकटीत बसवून सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या हॉलच्या भिंतीवर टांगला आणि त्याच दिवशी बहिरा झाला. आई समोर उभी राहून तीनतीनदा विचारत होती, ‘आयर्विनला पाणी किती?’ आणि आरसा आपला तारीख-वार दाखवत गप्प.

सांगलीकराला हा प्रश्न वेगळा समजावून सांगायला नको. कृष्णा नदीवरच्या आयर्विन पुलापाशी ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका, आणि २०१९ साली ५७ फुटांच्या वर गेलेलं पाणी अजून डोळ्यांपुढे आहे. आईची बोटं सांधेदुखीने आखडली आहेत. फोन चाळत बसणं तिला जमत नाही. म्हणून पावसाळ्यात जाहीर झालेला आकडा मी दिवसातून दोनदा फोनवरून आरशात भरते, आणि तिने विचारलं की आरसा तो मोठ्या अक्षरांत दाखवतो, बोलूनही सांगतो. तिच्यासाठी ही हौसेची वस्तू नाही. म्हणून ती ऐकेनाशी झाली तेव्हा मला चैन पडेना.

तीन आठवडे मी चुकीच्या ठिकाणी शोधत होते. आवाज ओळखणारं सॉफ्टवेअर बदललं, हाक मारायचा शब्द बदलला, सगळी सिस्टीम नव्याने टाकली. बिघाड निघाला लाकडात. या तीन आठवड्यांत जे शिकले ते कुणाच्या तरी कामी यावं म्हणून क्रमाने लिहिते आहे. क्रम महत्त्वाचा आहे, कारण वरच्या पायरीवरचा दोष खालच्या पायरीवर वेगळंच सोंग घेऊन येतो.

माझ्या आरशात रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक (पुढे नुसतं ‘पाय’), जुना मॉनिटर आणि मॅजिकमिरर हे मोफत सॉफ्टवेअर आहे. मायकेल टीउव या डच माणसाने २०१४ मध्ये ते सुरू केलं आणि घरगुती आरसे बनवणारे बरेच लोक तेच वापरतात. तुमचं सॉफ्टवेअर दुसरं असलं तरी माइकच्या तक्रारी याच असतात.

एक सूचना आधीच देते. आज्ञा मी फोनवर सांगाव्यात तशा, उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये, म्हणजे पायच्या आज्ञा लिहायच्या खिडकीत, त्या इंग्रजी अक्षरांत, लहान लिपीत टाइप करायच्या. मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे.

पहिली पायरी: आरशाला काय ऐकू येतंय ते स्वतःच्या कानांनी ऐका

माझे तीन आठवडे वाया गेले ते हे न केल्यामुळे. आवाज ओळखणारा प्रोग्राम बंद करा. आईला, बाबांना, ज्यांना आरसा वापरायचा आहे त्यांना नेहमीच्या जागी उभं करा आणि नेहमीच्या आवाजात बोलायला सांगा. तुम्ही पाच सेकंद रेकॉर्ड करा.

रेकॉर्डिंगची आज्ञा आहे ‘एरेकॉर्ड’, म्हणजे रेकॉर्ड या शब्दाआधी ए हे अक्षर जोडलेलं. त्यापुढे एकेक जागा सोडून हे तुकडे लिहायचे: डॅश मोठा डी आणि उपकरणाचं नाव, डॅश एफ आणि ‘एस१६ अंडरस्कोअर एलई’ (यातली तिन्ही अक्षरं मोठी), डॅश आर आणि १६०००, डॅश सी आणि १, डॅश लहान डी आणि ५, शेवटी फाइलचं नाव. एफ म्हणजे नमुन्याचा प्रकार, आर म्हणजे सेकंदाला किती नमुने, सी म्हणजे किती चॅनेल, लहान डी म्हणजे किती सेकंद. उपकरणाचं नाव काय लिहायचं ते पुढच्या पायरीत येतं.

झालेली फाइल आरशाच्या स्पीकरवर ऐकू नका. ती लॅपटॉपवर किंवा फोनवर घ्या, चांगले हेडफोन लावा आणि डोळे मिटून ऐका. काय ऐकू येतं त्यावर पुढची वाट ठरते.

काहीच ऐकू आलं नाही, निव्वळ शांतता, तर माइक दिसतोय का आणि चालू आहे का ते बघायचं. आवाज आहे पण फार बारीक किंवा फाटलेला, तर पातळीचा प्रश्न. सतत घुंऽऽ असा आवाज पाठीमागे असेल तर वीजपुरवठा. माणूस घागरीत तोंड घालून बोलल्यासारखं वाटत असेल तर चौकट. आवाज रेड्यासारखा जाड आणि संथ झाला असेल तर नमुन्यांचा दर जुळत नाही: ४८००० ने घेतलेला आवाज कुणीतरी १६००० समजून वाचतंय, म्हणून तो तिप्पट संथ होतो. दोन चॅनेलचा आवाज एक समजून वाचला तर दुप्पट संथ होतो. आणि रेकॉर्डिंग अगदी स्वच्छ असेल, प्रत्येक शब्द कळत असेल, तर माइकला सोडा आणि थेट शेवटच्या पायरीवर जा.

दुसरी पायरी: माइक सिस्टीमला दिसतोय का

‘एरेकॉर्ड’ आणि पुढे डॅश लहान एल. एवढं टाइप केलं की आवाज आत घेऊ शकणाऱ्या उपकरणांची यादी येते. यादी रिकामी असेल तर आधी ही एक चूक तपासा, कारण ती फार लोक करतात: पायच्या ३.५ मिमीच्या गोल भोकात माइक खोचलेला असणं. पाय ३ आणि पाय ४ वरच्या त्या भोकातून आवाज आणि व्हिडिओ फक्त बाहेर येतो, आत काहीच जात नाही. पाय ५ वर तर ते भोकच नाही. माइक यूएसबीचा हवा, किंवा यूएसबी साउंड कार्डाला जोडलेला, किंवा पायच्या पिनांवर बसणारा डिजिटल.

यूएसबीचा असूनही दिसत नसेल तर ‘एलएसयूएसबी’ ही आज्ञा द्या. तिथेही नाव नसेल तर केबल, पोर्ट किंवा माइकच गेलेला. तोच माइक लॅपटॉपला लावून बघितला की दोन मिनिटांत निकाल लागतो. माइक मध्येच दिसतो, मध्येच गायब होतो असं असेल तर संशय अडॅप्टरवर घ्या. पाय ४ ला ५ व्होल्ट ३ अँपिअरचा अडॅप्टर लागतो. घरात पडलेला मोबाइल चार्जर लावला की मॉनिटर आणि वायफाय चालू असताना व्होल्टेज बसतं आणि यूएसबीवरची उपकरणं डोळे मिटतात. ‘व्हीसीजीईएनसीएमडी’ आणि पुढे ‘गेट अंडरस्कोअर थ्रॉटल्ड’ असं विचारलं की उत्तर येतं. शून्य-एक्स-शून्य आलं तर ठीक. शून्य-एक्स-५०००५ असं काही आलं तर वीज कमी पडते आहे. अडॅप्टर बदलल्याशिवाय पुढचं काही तपासू नका, सगळे निष्कर्ष चुकतील.

यादीत माइक आला की त्याच्यापुढे कार्डचा नंबर आणि डिव्हाइसचा नंबर असतो. कार्ड १, डिव्हाइस ० असेल तर उपकरणाचं नाव ‘प्लगएचडब्ल्यू’, अपूर्णविराम, १, स्वल्पविराम, ०. मध्ये जागा नाही. नुसतं ‘एचडब्ल्यू’ लिहिलं तरी चालतं असं बऱ्याच ठिकाणी सांगितलेलं असतं, पण स्वस्तातली यूएसबी कार्डं बहुधा ४४१०० किंवा ४८००० एवढाच दर देतात, आणि आवाज ओळखणाऱ्या प्रोग्रामांना साधारण १६००० हवा असतो. ‘प्लग’ जोडल्यावर मधलं रूपांतर सिस्टीम स्वतः करते. पायथन या भाषेत लिहिलेल्या प्रोग्राममध्ये उणे ९९९७ नंबरची चूक दिसली तर ती याच दराची. उणे ९९९८ म्हणजे चॅनेलची संख्या जुळत नाही, माइक एका चॅनेलचा आहे आणि प्रोग्राम दोन मागतोय किंवा उलट. उणे ९९९६ म्हणजे प्रोग्रामला उपकरणच सापडलं नाही.

आता एक असा दोष, जो चार दिवस लपून बसतो आणि लाइट जाऊन आली की उगवतो. कार्डचे नंबर कायमचे नसतात. पाय पुन्हा चालू झाल्यावर आज १ असलेलं कार्ड उद्या २ होऊ शकतं, कारण मॉनिटरची एचडीएमआय जोडणीसुद्धा आवाजाचं कार्ड म्हणूनच मोजली जाते. म्हणून नंबराऐवजी नावाने हाक मारा. ‘कॅट’, जागा, मग तिरकी रेघ, ‘प्रॉक’, तिरकी रेघ, ‘एसाउंड’, तिरकी रेघ, ‘कार्ड्स’ असं लिहिलं की चौकोनी कंसांत प्रत्येक कार्डचं छोटं नाव दिसतं. ते ‘डिव्हाइस’ असेल तर उपकरणाचं नाव होतं: ‘प्लगएचडब्ल्यू’, अपूर्णविराम, मोठ्या अक्षरांत ‘कार्ड’, बरोबरचं चिन्ह, आणि ते छोटं नाव जसंच्या तसं. आमच्याकडे हे केल्यापासून लाइट कितीही वेळा जाऊ दे, आरसा आपला माइक विसरत नाही.

डेस्कटॉप असलेल्या रास्पबेरी पाय ओएसमध्ये २०२३ च्या बुकवर्म आवृत्तीपासून आवाजाचा कारभार पाइपवायर या प्रोग्रामकडे आहे. तिथे ‘डब्ल्यूपीसीटीएल’ आणि पुढे ‘स्टेटस’ लिहिलं की सोर्सेस या शीर्षकाखाली माइकांची यादी दिसते आणि चालू असलेल्यापुढे तारा असतो. तारा भलत्याच ठिकाणी असेल तर ‘डब्ल्यूपीसीटीएल’, ‘सेट-डिफॉल्ट’ आणि हव्या त्या माइकचा नंबर. स्पीकरचा ‘मॉनिटर’ नावाचा खोटा माइक निवडला गेलेला असला तर आरसा स्वतःच्या स्पीकरमधून बाहेर जाणारा आवाज ऐकत बसतो, खोलीतला नाही. रेकॉर्डिंग निव्वळ शांत येण्यामागे हे एक नेहमीचं कारण आहे.

तिसरी पायरी: पातळी

‘अल्सामिक्सर’ उघडा. एफ६ दाबून आपलं कार्ड निवडा, एफ४ दाबून आत येणाऱ्या आवाजाचा पडदा आणा. माइकच्या खांबाखाली ‘कॅप्चर’ हा शब्द दिसायला हवा. नसेल तर स्पेसबार. पातळी वरच्या बाणाने वाढवा, पण शंभरावर नेऊन सोडू नका. मी तेच केलं होतं आणि त्यामुळे आईचा ‘पा’ फुटायचा. प, फ, भ या अक्षरांत हवेचा जोर असतो, ती आधी फाटतात.

किती ठेवायचं ते अंदाजाने ठरवण्यापेक्षा मोजा. ‘सॉक्स’ हा छोटा प्रोग्राम टाकून घ्या. मग ‘सॉक्स’, फाइलचं नाव, डॅश एन, ‘स्टॅट’. येणाऱ्या आकड्यांत ‘मॅक्सिमम ॲम्प्लिट्यूड’ बघा. नेहमीच्या अंतरावरून, नेहमीच्या आवाजात तो ०.२५ ते ०.५ च्या आसपास राहील असं ठेवा. १ ला टेकला तर आवाज फाटतोय. ०.०२ च्या खाली असेल तर फार बारीक. त्याच यादीत ‘मीन ॲम्प्लिट्यूड’ शून्याजवळ नसेल तर कार्ड आवाजाला एका बाजूला ढकलतंय. स्वस्त कार्डांत हे होतं, आणि अशा कार्डावर फार वेळ घालवू नये असं माझं मत आहे.

‘ऑटो गेन’ असं काही दिसलं तर ते एकदा चालू आणि एकदा बंद ठेवून दोन्ही ऐका. शांत खोलीत ते पंख्याचा आवाज खेचून मोठा करतं आणि माणूस बोलायला लागला की दचकून खाली येतं, म्हणून पहिलं अक्षर फाटतं. मी बंद ठेवलं आहे. सगळं जमलं की ‘सुडो’, ‘अल्साकटल’, ‘स्टोअर’ लिहून पातळी जपून ठेवा. ‘अल्साकटल’मध्ये शेवटची तीन अक्षरं सी, टी, एल.

चौथी पायरी: घुंऽऽ

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. ती माइकच्या तारेत शिरली की ५० आणि १०० हर्ट्झचा घुंकार ऐकू येतो. मोबाइल चार्जर, मॉनिटरच्या मागचा दिवा, एलईडीची पट्टी यांचा आवाज वेगळा, बारीक शिट्टीसारखा किंवा चिरचिर असा. कोण करतंय ते शोधायला दहा दहा सेकंदांची शांततेची चार रेकॉर्डिंग घ्या: सगळं चालू असताना, एलईडी पट्टी बंद करून, मॉनिटर बंद करून, आणि शेवटी पायला पॉवर बँकेवर घेऊन. हे चौथं करताना एचडीएमआयची केबलही काढायची, लॅपटॉपवरून वायफायने पायमध्ये शिरायचं. केबल तशीच ठेवली तर मॉनिटरचं अर्थिंग तिच्यातून पायपर्यंत येतं आणि चाचणीला अर्थ उरत नाही.

पॉवर बँकेवर आवाज स्वच्छ झाला तर दोष अडॅप्टरकडे किंवा अर्थिंगच्या दोन वाटा झाल्याकडे आहे. चांगला अडॅप्टर, माइकच्या केबलवर फेराइटचा मणी, आणि माइक स्वतंत्र वीज असलेल्या यूएसबी हबवर, या क्रमाने करून बघा. बहुतेकदा पहिल्यावरच भागतं. अडॅप्टर आणि माइकची तार चौकटीत एकमेकांना चिकटून धावत असतील तर दोन बाजूंना वेगळ्या करा. ओलांडणं भागच असेल तर काटकोनात ओलांडा. कॉलर माइकसारखा ॲनालॉग माइक लांब तारेने यूएसबी कार्डाला जोडला असेल तर ती तार म्हणजे घुंकार पकडणारी एरियल आहे. कार्ड माइकजवळ न्या, यूएसबीची तार लांब ठेवा.

घुंकार जावा म्हणून मॉनिटरच्या प्लगची तिसरी, अर्थिंगची पिन काढून टाकायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. धातूची पट्टी लावलेली चौकट आहे, तिला घरातली माणसं हात लावतात. आवाज घालवायला जीव धोक्यात घालायचा नाही. मॉनिटरचं पॉवर बोर्डही उघडू नका, प्लग काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरांत झटका बसण्याइतकी वीज राहते.

पाचवी पायरी: चौकट, काच आणि एक भोक

माझा दोष इथे होता. टेबलावर ऐकणारा आरसा भिंतीवर बहिरा होतो तो याच पायरीवर.

मी माइक काचेच्या मागे, चौकटीच्या आत, गरम गोंदाने प्लायच्या पाठीला चिकटवला होता. समोर आरशाची काच, बाजूला सागाची चौकट, मागे सहा मिमीचा प्लाय. आवाज आत जाणार कुठून? जो थोडाफार जायचा तो फटींमधून वळणं घेत, आणि आत गेल्यावर पेटीत घुमत.

हे मला मिरजेच्या एका वाद्य बनवणाऱ्या मामांनी दाखवलं. मिरजेची सतारमेकर गल्ली आणि तिथले तंबोरे सगळ्यांना माहीत आहेत, मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. मामा आमच्या ओळखीचे. कामासाठी घरी आले होते आणि आरसा उतरवून मी डोकं धरून बसले होते. त्यांनी वायरिंगकडे बघितलंही नाही. आरसा पालथा घातला, कान जवळ नेला आणि मधल्या बोटाच्या पेराने प्लायवर ठोकलं, मध्यभागी, मग कडेला, मग कोपऱ्यात. मध्यभागी ठोकलं की ‘धुम्म’ असा आवाज यायचा आणि रेंगाळायचा.

‘ताई, पेटी बोलतीय तुमची,’ ते म्हणाले. ‘तंबोऱ्याला आम्ही मुद्दाम करतो तसं झालंय. भोपळा नि तबली घुमायलाच असतात. तुम्हाला घुमायला नकोय ना? मग तिला गप्प करा.’

त्यानंतर दोन तासांत काम झालं. ते असं.

माइकची जागा बदलली. काचेला भोक पाडायच्या फंदात पडू नका. लाकडी चौकटीच्या खालच्या किंवा वरच्या पट्टीत, समोरच्या तोंडाला भोक पाडा. बाजूला किंवा पाठीमागे पाडलेलं भोक भिंतीवरून परतलेला आवाज पकडतं, माणसाचा नाही. आमच्याकडे स्पीकर खाली आहे म्हणून माइक वरच्या पट्टीत गेला. आईची उंची कमी असली तरी ती मीटरभरावर उभी असते, तेवढं चालतं. अंतर दुप्पट झालं की थेट येणारा आवाज ६ डेसिबलने उतरतो, म्हणून खोलीच्या दुसऱ्या टोकावरून आरशाने ऐकावं ही अपेक्षा एका साध्या माइककडून ठेवू नये.

भोक ३ मिमीचं पुरतं, पण ते खोल नको. आमची पट्टी २० मिमी जाडीची. तिच्यातून आरपार ३ मिमीचं भोक पाडलं असतं तर ती बासरी झाली असती आणि ठरावीक सूर फुगला असता. म्हणून मागून २५ मिमीच्या ड्रिलने खळगा केला आणि समोर फक्त ३ मिमी लाकूड शिल्लक ठेवलं. भोक त्या तीन मिमीत.

खळग्यात माइक आणि लाकूड यांच्यामध्ये फोमची कडी बसवली. दार-खिडक्यांच्या फटींना लावायची चिकट फोमची पट्टी हार्डवेअरच्या दुकानात मिळते, तिचा तुकडा कापून मध्ये भोक पाडलं. कडीची कामं दोन. चौकटीचं थरथरणं माइकपर्यंत पोचू न देणं, आणि पेटीच्या आतला आवाज मागून माइकमध्ये शिरू न देणं. गरम गोंदाने माइक लाकडाला घट्ट चिकटवला तर पहिलं काम होत नाही. भिंतीपलीकडे दार आपटलं तरी ते माइकमध्ये तोफेसारखं वाजतं.

कडी नीट बसली का हे तपासायची युक्ती साधी आहे आणि ती केल्याशिवाय आरसा टांगू नका. फोनवर एखादं रेकॉर्ड केलेलं बोलणं लावून फोन मीटरभर अंतरावर ठेवा. एकदा भोक मोकळं ठेवून रेकॉर्ड करा, एकदा भोकावर कणकेचा गोळा दाबून. दुसऱ्यात आवाज एकदम बसायला हवा. माझ्या पहिल्या प्रयत्नात दोन्ही रेकॉर्डिंग जवळजवळ सारखी आली, म्हणजे माइक भोकातून ऐकतच नव्हता, सगळा आवाज मागून येत होता. फोमची कडी एका बाजूने सुटली होती. ती नीट दाबून, माइकच्या मागेही फोमचा गोळा बसवल्यावर कणीक लावली की आईचा आवाज लांब शेजारच्या घरातून आल्यासारखा झाला. तेव्हा कळलं की आता जमलं.

मग पेटी गप्प करायचं काम. प्लायच्या मध्यभागी आतून एक आडवी पट्टी स्क्रूने मारली, मोकळ्या जागेत जुन्या गोधडीचे तुकडे चिकटवले. पण पाय आणि अडॅप्टरभोवती कापड नाही, तिथे हवा खेळायला हवी आणि ते गरम होतात. पाठीमागे, खाली आणि वर हवेच्या फटी ठेवल्या. पायवर छोटा पंखा असेल तर तो माइकच्या विरुद्ध टोकाला न्या, किंवा काढून मोठी हीटसिंक बसवा. मामांनी पुन्हा ठोकून बघितलं. आता ‘टक्’ एवढाच आवाज आला आणि थांबला.

भोकावर धूळ जाऊ नये म्हणून मलमलीचा एकेरी तुकडा आतून लावला आहे. मखमल, जाड कापड नको, त्यात श, स, च हे आवाज अडकतात आणि मराठीत त्यांच्याशिवाय वाक्य होत नाही.

पिनांवर बसणारा डिजिटल माइक असेल तर

आयएनएमपी४४१ हा छोटा माइक बरेच जण वापरतात. त्याला ३.३ व्होल्टच द्यायचे. क्लॉकची (एससीके) तार पायच्या भौतिक पिन १२ ला, डब्ल्यूएस ३५ ला, डेटा ३८ ला. एल/आर लिहिलेली पिन मोकळी सोडू नका, ग्राउंडच्या (जीएनडी) पिनला जोडा, म्हणजे आवाज नक्की डाव्या चॅनेलवर येईल. मोकळी ठेवली की कधी इकडे, कधी तिकडे, कधी कुठेच नाही. तारा वीतभराच्या आत. आणि त्याचं ऐकायचं भोक बोर्डाच्या खालच्या बाजूला असतं. तकतकीत धातूची बाजू समोर ठेवून माइक उलटा बसवलेला मी स्वतः दोन ठिकाणी बघितला आहे. आवाज ३२ बिटांत, दोन चॅनेलने घ्या, आणि तो बारीक आला तर घाबरू नका, या माइकचा आवाज सॉफ्टवेअरमध्ये वाढवूनच घ्यावा लागतो.

शेवटची पायरी: रेकॉर्डिंग स्वच्छ, तरी आरसा गप्प

‘डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी’ असा निरोप आला तर माइक आधीच कुणीतरी धरून ठेवला आहे. ‘फ्यूजर’, डॅश व्ही, आणि पुढे तिरकी रेघ, ‘डेव्ह’, तिरकी रेघ, ‘एसएनडी’, तिरकी रेघ, चांदणी. कोण ते नावासकट कळतं. बहुतेकदा हाक ऐकणारा एक मॉड्यूल (आरशाच्या सॉफ्टवेअरला जोडायचा छोटा भाग) आणि आज्ञा ऐकणारा दुसरा एकाच माइकसाठी भांडत असतात. दोघांनी थेट ‘एचडब्ल्यू’ मागू नये, पाइपवायरमधून घ्यावा, म्हणजे एक माइक अनेकांना वाटता येतो.

हाताने चालवल्यावर ऐकतो आणि आपोआप सुरू झाल्यावर ऐकत नाही, असं असेल तर तो दुसऱ्या वापरकर्त्याच्या नावाने चालतोय. ‘सुडो’ लावून आरसा कधीच चालवू नका. ‘सुडो’ने प्रोग्राम रूट या मुख्य वापरकर्त्याच्या नावाने चालतो, आणि रूटला तुमच्या सत्रातलं पाइपवायर दिसत नाही. आपला वापरकर्ता ‘ऑडिओ’ गटात आहे का तेही ‘ग्रुप्स’ लिहून बघा. आणि पाय चालू होताच आरसा धावत असेल तर वीस सेकंद थांबून सुरू होईल असं करा, यूएसबी माइक तयार व्हायला वेळ लागतो.

जुन्या लेखांमधून मॉड्यूल उचलत असाल तर तारखा बघा. हाक ओळखणारी स्नोबॉय ही सेवा ३१ डिसेंबर २०२० ला बंद झाली, तिच्यावर उभे असलेले कितीतरी मॉड्यूल अजून सापडतात. त्यात माइकचा काही दोष नसतो.

राहिला प्रश्न मराठीचा. ओपनएआयचं व्हिस्पर मराठी ओळखतं, पण पायवर मावणारी त्याची लहान मॉडेलं मराठीत फार अडखळतात. मी हाक पायवर ओळखते आणि आज्ञेचं रेकॉर्डिंग घरातल्या संगणकाकडे पाठवते, तिथे मोठं मॉडेल चालतं. व्हिस्परची एक खोड लक्षात ठेवा: त्याला शांतता पाठवली तर ते कधीकधी मनाने वाक्य रचतं. कुणी बोललेलं नसताना आरसा भलतंसलतं ऐकत असेल तर पहिल्या पायरीवर परत जा आणि तीच फाइल ऐका.

आणखी एक. हाक मारल्यावर रेकॉर्डिंग सुरू व्हायला अर्धा सेकंद लागायचा, आई मात्र थांबायची नाही. ‘पाणी किती’चं ‘णी किती’ व्हायचं. मी प्रोग्रामला मागचा एक सेकंद कायम साठवून ठेवायला लावला आणि तो रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला जोडला. ‘टिंग’ वाजल्यावर बोलायचं अशी सवय लावता येते, पण मग ते ‘टिंग’सुद्धा माइकमध्ये जातं. सत्तरीच्या बाईने यंत्राची वाट बघायची, त्यापेक्षा यंत्राला शिकवणं मला योग्य वाटलं.

आणि आज्ञा मी ठरवल्या होत्या: ‘आयर्विनची पातळी सांग’. आई असं कधीच बोलत नाही. ती म्हणते, ‘पाणी किती आलंय बघ’, ‘किती फूट झालं गं?’, ‘आयर्विनला काय म्हणतंय?’ आठवडाभर तिचं बोलणं, तिला विचारून, रेकॉर्ड करून ठेवलं. मग नियम असा केला की ‘पाणी’, ‘फूट’ किंवा ‘आयर्विन’ यांतला एक शब्द आणि प्रश्नाचा सूर असलेला ‘किती’ किंवा ‘काय’ मिळाला की पातळी सांगायची. ‘आयर्विन’चं आरशाला ‘आई रविन’, ‘आयर मीन’ असं काहीही ऐकू येतं. तीही रूपं यादीत घातली. तीच रेकॉर्डिंग आता माझी कसोटी आहे. सॉफ्टवेअरमध्ये काही बदललं की ती सगळी आरशासमोर, फोनवरून, मीटरभरावरून वाजवते आणि किती ओळखली ते मोजते.

दर पावसाळ्याआधी मी मलमलीचा तुकडा बदलते, फोमची कडी दाबून बघते आणि कणकेची चाचणी पुन्हा करते. ओल धरली की फोम आक्रसतो. यंदा कडीचा एक कोपरा सुटलेला होता. तो चिकटवून आरसा टांगला तेव्हा आई स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आली, समोर उभी राहिली आणि म्हणाली, ‘काय म्हणतंय आयर्विन?’

‘१२ फूट,’ आरसा म्हणाला.